सासूबाईंची सेवा, माझी नोकरी आणि घरावरची नावं

सुरसागरकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, पण येत्या रविवारी आमच्याकडे घरची बैठक आहे आणि तिथे जे ठरेल ते पुढची कित्येक वर्षं मलाच निभवायचं आहे. त्याआधी चार शहाण्या माणसांचं ऐकावं म्हणून लिहिते.

बडोद्यात दांडियाबाजारात आमचं जुनं घर आहे, सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. सासरे आता नाहीत. घर अजून त्यांच्याच नावावर आहे. सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. जीभ अडखळते, पण समजतं सगळं. मी मकरपुरा जीआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्स बघते, नवरा पादऱ्याकडे एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहे. मुलगी दहावीला, मुलगा सातवीला. दीर-जाऊ पुण्यात, दोघंही आयटीत. नणंद इथेच, वाघोडिया रोडला.

डिस्चार्जच्या वेळी तिथल्या सिस्टरने विचारलं, "घरी यांचं करायला कोण आहे?" नवरा, दीर, जाऊ, नणंद, चौघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही. सिस्टरने दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, भरवताना पाठ किती उंच ठेवायची, हे सगळं मलाच समजावलं. ज्यांची आई, ते तिघं बाहेर बिलाचं बघत होते.

नवऱ्याचं म्हणणं असं की दोघांपैकी तुझा पगार कमी, म्हणून तू सोड. हिशेब म्हणून बरोबर आहे. पण माझा पगार कमी का राहिला? मुलीच्या वेळी नोकरी सोडली ती मी. पुन्हा लागले ती खालच्या जागेवर. मग हालोलच्या प्लांटला बढतीवर जायची संधी आली, तेव्हा मुलगा लहान होता, तीही मीच नाकारली. तेव्हा घरासाठी सोडलं म्हणून आज पगार कमी, आणि पगार कमी म्हणून आज पुन्हा मीच सोडायची. हे चक्र कुठेतरी थांबायला हवं की नाही?

सासूबाईंवर माझा राग नाही. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली, माझ्या आईला तेव्हा जमलं नव्हतं. त्यांचं करायला मी ना म्हणत नाही. खटकतं ते वेगळंच. उद्या घराच्या कागदावर नावं चढतील तेव्हा सासूबाई, नवरा, दीर आणि नणंद अशी चढतील. माझं नाव त्यात नसेल, मला ते नकोही आहे. पण ज्यांची नावं चढणार, त्यांच्यापैकी एकाच्याही नोकरीचा विषय कुणी काढला नाही.

रविवारी काय मांडू आणि कसं मांडू?

निवृत्त_कॅशियर

सर्वात आधी एक करा. रविवारच्या बैठकीत कुणी कितीही भरीला पाडलं तरी राजीनाम्याला हो म्हणू नका. रजा मागा, बिनपगारी मागा, कामाचे तास कमी करून मागा, महिनाअखेरीचं क्लोजिंग घरून करता येईल का विचारा. अकाउंट्सचं बरंचसं काम आता घरून होतं.

दुसरं, तुमचे कागद काढा. पीएफमधल्या पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची पात्र सेवा लागते. मधली नोकरी सोडली तेव्हा पीएफ काढून घेतला होता का? नसेल तर जुनी सेवा जोडली जाते. ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत सलग ५ वर्षं लागतात. यातलं काही थोडक्यात हुकणार असेल तर तो आकडा बैठकीत सर्वांसमोर ठेवा. 'तिची नोकरी म्हणजे महिन्याचा पगार' एवढंच घरचे धरतात. तिच्या म्हातारपणाची तरतूदही त्याच नोकरीत असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या शाखेत मुदतीआधी नोकरी सोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. कारणं ठरलेली: सासूचं आजारपण, नातवंडं, मुलाची बारावी. यातल्या एकाही कारणासाठी गेलेला पुरुष मला आठवत नाही.

शियापुऱ्याची_आजी

मी वयाने मोठी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस पोरी. पगार, हिस्सा, कागदावरची नावं, हे सगळं आजारी माणसाच्या खाटेपाशी आणू नये असं मला वाटतं. मी माझ्या सासूबाईंचं शेवटपर्यंत केलं. त्यांचं सगळं अंथरुणातच होतं. तेव्हा डायपर नव्हते, धोतरं फाडून लंगोट करायचो. मला त्याचा पश्चात्ताप नाही. शेवटी शेवटी त्या मला "आई" म्हणून हाक मारायच्या. ते सुख मी कुठल्या नोकरीशी तोलणार नाही.

सेवा ही वाटून घ्यायची वस्तू नाही. ज्याच्या हाताला माया असते त्याच्याकडेच ती जाते.

अलकापुरी_टू_अटलादरा

आजींशी सहमत. सगळंच हक्काच्या भाषेत बोलायला लागलो तर घर राहणार नाही.

मांजलपूरचा_धाकटा

आजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. हाताला माया असणं आणि ते हात बाईचेच असणं, या दोन गोष्टी आपल्याकडे एकच धरल्या जातात. मी आईचं केलं आहे, म्हणून बोलतो.

आईला झटका आला तेव्हा माझं दुकान नीट चालत नव्हतं आणि बायकोची शाळेतली नोकरी पक्की होती. मग मी घरी राहिलो. पहिला आठवडा मला काहीच येत नव्हतं. फिजिओथेरपीवाल्याने शिकवलं: चादरीची चौघडी घालून ती खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली सरकवायची, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरायची आणि चादरीसकट माणूस वर सरकवायचा. काखेत हात घालून ओढायचं नाही, लुळा खांदा निखळतो. पाणी थेट दिलं की ठसका लागायचा, म्हणून सगळं दाटसर करून चमच्याने, हनुवटी थोडी खाली ठेवून. माकडहाडापाशी कातडी लाल दिसली की पाठीवर झोपवायचं नाही. यात पुरुषाला जमणार नाही असं काहीही नाही. संकोच होता तो आईला आणि मला, दोघांनाही. अंघोळ बायको किंवा बहीण घालायची. बाकीचं मी.

आता खरी गोष्ट. सोसायटीत लोक मला 'श्रावणबाळ' म्हणायला लागले. गणपतीत मंडळाने बोलावून शाल घातली. माझी बायको सकाळी आईची अंघोळ, डबे, शाळा, संध्याकाळी शिकवण्या आणि रात्रीची पाळी, एवढं करत होती. तिला कुणी शाल सोडा, "दमलीस का" असंही विचारलं नाही. मी करतो ते पुण्य आणि ती करते ते कर्तव्य. त्या दिवशी ती शाल मी तिच्या खांद्यावर घातली तेव्हा लोक हसले. मला ते हसू अजून सहन होत नाही.

रविवारी नवऱ्याला सांगा, चादर धरायला दोन माणसं लागतातच.

सुरसागरकाठची

@मांजलपूरचा_धाकटा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. काही बोलला नाही, पण रात्री स्वतः उठून आईंची कूस बदलली. चादरीचं तंत्र करून बघितलं, खरंच सोपं जातं.

कारेलीबाग_वकील

कायद्यापुरतं सांगतो.

२००७च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात ज्यांच्यावर सांभाळण्याची जबाबदारी टाकली आहे ती 'अपत्यं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात, सज्ञान असतील तर. व्याख्येत सून नाही. जावईही नाही. आणि निर्वाह म्हणजे नुसतं अन्न-वस्त्र नव्हे, निवारा आणि औषधोपचारही त्यात येतात. तेव्हा कायद्याने ही जबाबदारी तुमचे पती, दीर आणि नणंद या तिघांची आहे, सारखीच.

घर सासऱ्यांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे आणि मुलगी यांना सारखे वाटे. म्हणजे चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश. २००५ची दुरुस्ती आणि २०२०चा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निकाल वडिलोपार्जित मिळकतीतल्या मुलीच्या हक्काबद्दल आहेत, तुमच्या घराला त्यांची गरजही नाही. मुलीचा वाटा इथे १९५६पासूनच आहे.

सुनेला हिस्सा नाही, पण राहत्या घरातून तिला असं कुणी काढू शकत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तो राहण्याचा हक्क आहे.

वारसाई लावायला तलाठ्याकडून पेढीनामुं, म्हणजे वंशावळ, करून घ्यावं लागेल. त्यात सर्व वारस लिहिले जातात, मुलीसुद्धा. हे करताना बहुतेक घरांत बहिणींकडून 'हक कमी', म्हणजे हिस्सा सोडल्याचा कागद, करून घेतात. त्या कागदाची घाई करू नका आणि नणंदेला करायला लावू नका.

वाडीची_लेक

वकीलसाहेबांचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायलाच बसले. मी या गोष्टीतली नणंद आहे. म्हणजे दुसऱ्या घरातली, पण नणंदच.

माझं माहेर इथेच बडोद्यात, वाडी भागात, सासर भरूचला. आई पडली तेव्हा मला तिच्यापाशी राहायचं होतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सून आहे ना? मग तू जाऊन काय करणार? लोक म्हणतील सून बघत नाही." नवरा म्हणाला, शनिवार-रविवार जा. मी शनिवारी भरूचहून गाडी पकडून यायचे, आईचे केस विंचरायचे, नखं कापायचे आणि रविवारी संध्याकाळी परत. वहिनीला वाटायचं ही पाहुण्यासारखी येते आणि जाते. आईला वाटायचं लेक येते म्हणजे सणच. दोघींनाही माझ्या घरी काय चाललं आहे ते माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही, कारण सासरचं माहेरी सांगायचं नाही असं आईनेच शिकवलं होतं.

आई गेल्यावर भावाने हक कमीचा कागद पुढे केला. मी सही केली. "बहिणीने माहेरचा हिस्सा घेतला तर माहेर तुटतं" हे लहानपणापासून ऐकलेलं. भाऊ वाईट नाही, राखीला साडी देतो. पण विचार केला की वाटतं, मला आईची सेवा करू दिली नाही कारण मी 'त्या घरची' आणि हिस्सा ठेवू दिला नाही कारण मी 'त्या घरची'. आणि वहिनीने सगळं केलं तरी तिचंही त्या घरावर नाव नाही, कारण ती बाहेरून आलेली. आम्ही दोघी त्याच स्वयंपाकघरात समोरासमोर बसून एकमेकींना दोष देत राहिलो.

तुमच्या नणंदेशी बैठकीच्या आधी एकदा एकट्याने बोला. तिला काय करायचं आहे ते विचारा, आणि तिच्या घरी तिला कोण अडवतं आहे तेही.

निवृत्त_कॅशियर

@वाडीची_लेक, हे लिहिल्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

सुरसागरकाठची

@वाडीची_लेक, तुमचं वाचून रडू आलं. नणंदेबद्दल मी आजवर एवढंच म्हणत आले की अर्ध्या तासावर राहते आणि येत नाही. तिच्या घरी सासरे दम्याचे आहेत आणि ते तीच बघते, हे मला माहीत होतं. पण त्या दोन गोष्टींचा संबंध मी लावलाच नव्हता. उद्या फोन करते.

हिशेबी_माणूस

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो पुरुषी समजू नये. घर चालवायचं तर ज्याची मिळकत जास्त त्याची नोकरी टिकवावी लागते. कर्ज आहे, मुलांची शिक्षणं आहेत. नवरा घरी बसला तर हप्ता कोण भरणार? पूर्णवेळ आयाबेन ठेवायची तर पगाराचा मोठा भाग तिकडेच जाईल. भावना बाजूला ठेवून आकडे बघावेत.

होम_सायन्सची_विद्यार्थिनी

बघू या आकडे.

केंद्र सरकारच्या २०२४च्या टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे लोकांचा वेळ कशात जातो याच्या पाहणीत, असं दिसतं की घरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तेच काम करणाऱ्या पुरुषाची ८८. आजारी, म्हातारे आणि मुलं यांची देखभाल यात नाही, ती वेगळी मोजली आहे. २०१९मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ.

हे २०१९चे आकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये एका निकालात घेतले. अपघातात नवरा-बायको दोघंही गेले होते आणि प्रश्न होता की गृहिणीचं उत्पन्न काय धरायचं. न्यायालयाने सांगितलं की गृहिणी आर्थिक भर घालत नाही ही समजूत चुकीची आहे, तिच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे. म्हणजे बाई अपघातात गेली तर तिच्या कामाचे पैसे ठरतात. ती जिवंत आहे तोवर घरातला कुणी ते धरत नाही. @हिशेबी_माणूस, तुमच्या आकड्यांत आयाबेनचा पगार आहे, कारण तो द्यावा लागतो. धागाकर्ती तेच काम करेल तेव्हा ते शून्य रुपयांना धरलं आहे. म्हणून तुमची वजाबाकी तशी येते.

आणि आयाबेनचा पगार फक्त तिच्याच पगारातून का वजा करायचा? मुलांच्या पाळणाघराचेही असेच धरतात. "तुझा अर्धा पगार पाळणाघरालाच जातो." मूल दोघांचं, इथे आई तिघांची.

२०२३-२४च्या श्रमबल पाहणीत १५ वर्षांवरच्या शहरी बायकांपैकी २८ टक्केच काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या आहेत. शिकलेल्या मुली जातात कुठे, असं आम्हाला वर्गात विचारलं होतं. अशाच बैठकांतून जातात.

रावपुरा_टॉवर

एक बडोदेकर म्हणून मला वाईट वाटतं की ही चर्चा आपल्या गावात अजून करावी लागते. सयाजीराव महाराजांनी बालविवाहाला बंदी घालणारा कायदा १९०४मध्ये केला, १९०६मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. १९३१मध्ये संस्थानात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा होता, देशाला त्यासाठी १९५५ उजाडावं लागलं. चिमणाबाई महाराणी १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. आपल्या युनिव्हर्सिटीच्या कुलगुरू हंसाबेन मेहता, त्यांनी तर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द बदलून 'सर्व माणसं' करायला लावले. त्या गावात आपण राहतो.

होम_सायन्सची_विद्यार्थिनी

@रावपुरा_टॉवर, अभिमान मलाही आहे. मी शिकले ती फॅकल्टी त्याच काळातली. पण त्याच १९०६च्या कायद्यात सक्तीचं वय मुलग्यांना ७ ते १२ होतं आणि मुलींना ७ ते १०. मुलगी दहाची झाली की घरात लागते, हे एवढ्या पुढच्या राज्यालाही धरून चालावं लागलं. आज दहावीतल्या मुलीला "आजीचं पाणी बघ गं" म्हणतो आणि सातवीतल्या मुलाला म्हणत नाही, तेव्हा आपण तिथेच असतो.

@सुरसागरकाठची, तुमच्या मुलीचं हे बोर्डाचं वर्ष आहे. न ठरवता बरंचसं काम तिच्यावर येईल. त्याकडे लक्ष ठेवा.

गरब्याची_वाट

मी लग्नाची आहे, म्हणजे घरी स्थळं बघत आहेत. बडोद्याच्या मुलीला रस्त्याची भीती नसते, हे आम्ही अभिमानाने सांगतो. नवरात्रात रात्री उशिरा गरब्याहून मैत्रिणी-मैत्रिणी स्कूटीवर घरी येतो, कुणी अडवत नाही. पण परवा वधूवर मेळाव्यात एका मुलाच्या आईने विचारलं, "नोकरी कर हो, आमचं काही नाही. फक्त घरचं बघून." मुलगा चांगला होता. मी त्याला विचारलं, "तुमच्या आईला काही झालं तर रजा कोण घेईल?" तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू." हा धागा वाचून कळलं, तेव्हा काय बघतात ते. आता हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारणार आहे आणि माझ्या आईबद्दलही विचारणार आहे, कारण मी एकुलती आहे.

शियापुऱ्याची_आजी

सगळं वाचलं. दोन दिवस मनात घोळत होतं.

मी सासूबाईंचं केलं त्याचा पश्चात्ताप नाही, हे आजही म्हणते. पण मला कुणी विचारलं नव्हतं. मी शिवणाचा डिप्लोमा केलेला, चिमणाबाई स्त्री उद्योगालयात काम मिळत होतं. एक दिवस दिराने सांगितलं, "वहिनी आता घरीच असणार." तिकडे निरोपही त्यानेच दिला. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तेवढा हो तरी माझा झाला असता.

आणखी एक. तुम्ही सगळे नवरा, दीर, नणंद, कायदा असं बोलताय. खाटेवरच्या बाईला कुणी विचारलं का? तिला समजतं म्हणतेस ना? मग बैठक तिच्या खोलीत घे. तिच्या पाठीमागे तिची वाटणी करू नका.

तरसालीहून

एक गोष्ट राहते आहे, म्हणून लिहितो. आयाबेन ठेवू म्हणताना तीही कुणाची सून आहे, हे विसरू नये. आमच्या गल्लीतून अशा कितीतरी बायका सकाळच्या सिटी बसने अलकापुरी आणि गोत्रीला जातात. त्यांच्या घरची म्हातारी दिवसभर बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या भरवशावर असते. आठवड्याची पगारी सुटी, ठरलेले तास आणि आजारी पडली तर पगार न कापणं, एवढं तरी आधी बोलून ठेवा. बारा तासांची पाळी म्हणून ठेवायची आणि वर "जाता जाता भाखरी करून जा" असं करू नका.

सुरसागरकाठची

बैठक झाली. सगळ्यांनी इतकं लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

आजींचं ऐकलं आणि सासूबाईंच्या खोलीतच बसलो. दीर-जाऊ व्हिडिओ कॉलवर होते. नणंदेशी आधी बोलले होते. तिने सांगितलं की तिला यायचंच आहे, पण सासऱ्यांना दुपारी एकटं सोडता येत नाही आणि तिच्या घरी "सुनेचं काम तू का करतेस" म्हणून विचारतात. तिच्या नवऱ्याशी माझा नवरा बोलला. हे मी केलं असतं तर भांडण झालं असतं.

मी एवढंच म्हटलं की मी करणार आहे, पण एकटी करणार नाही, आणि नोकरी सोडणार नाही. ज्यांची आई त्यांनी आधी आपापलं काय ते सांगावं, मग मी माझं सांगते. बराच वेळ कुणी बोललं नाही. दिराने पैशाचं काढलं, दर महिन्याला तो पाठवेल. जाऊ म्हणाली, "तुम्ही सोडत नाही म्हणजे मग आम्ही यायचं का?" तिचा सूर मला लागला, पण प्रश्न तिलाही तेवढाच लागू आहे. नवरा तिला म्हणाला, "तू नाही, तो येईल." दीर सध्या घरून काम करतो. महिन्यातला एक आठवडा इथे येऊन करेल असं ठरलं. बघू.

मग सासूबाईंना विचारलं. त्यांना वेळ लागतो, पण बोलल्या. अंघोळ लेकीने किंवा मी घालावी, मुलांनी नाही. आया चालेल, पण मराठी किंवा गुजराती बोलणारी. आणि "हिची... नोकरी... नको... सोडू." हे त्या माझ्याकडे न बघता मुलाकडे बघून म्हणाल्या.

सध्याचं असं: आयाबेन सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रविवारी सुटी, पगारी. नणंद मंगळवार-शुक्रवार अंघोळीला. नवऱ्याने रात्रपाळी बदलून मागितली आहे, मिळेपर्यंत रात्री मी. मी एक महिना बिनपगारी रजेवर, पुढे कंपनी दोन दिवस घरून काम देते का ते साहेबांवर आहे. आया आली नाही तर कोण रजा घेणार, यावर वाद झाला आणि तो तसाच राहिला. मुलीच्या टेबलाची जागा बदलून आतल्या खोलीत केली, आणि आजीला संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचं काम मुलाला दिलं आहे. तो कुरकुरतो, पण वाचतो.

वारसाईचा विषय नवऱ्याने काढला तेव्हा मीच म्हटलं की पेढीनामुं करू, चौघांची नावं लागू देत, हक कमीचा कागद कुणाकडूनही नको. नणंदेने माझा हात धरला.

एक अडचण. सासऱ्यांची फॅमिली पेन्शन सासूबाईंच्या खात्यात जमा होते. घरात सगळ्यांचं म्हणणं की आता खातं मुलाच्या नावाने जोडून टाकू, त्यांचा उजवा हात चालत नाही, सही होत नाही. मला वाटतं ते पैसे त्यांच्याच हातात राहावेत. काही मार्ग आहे का?

निवृत्त_कॅशियर

आहे. सही होत नसेल तर अंगठा चालतो, डाव्या हाताचाही. पैसे काढताना तो अंगठा बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांनी ओळखायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, अंथरुणावरच्या खातेदारांसाठीच. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या की खातेदार येऊ शकत नाही, अधिकाऱ्याने घरी यावं. सत्तरीपुढच्यांना आणि आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्यायची असते, तीही त्याच अर्जात मागा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागेल, तो चेहरा ओळखून फोनवरही होतो.

मुलाचं नाव जोडायची घाई नको. खात्याला नामांकन (नॉमिनी) आहे की नाही तेवढं बघून घ्या. आणि अर्ज लिहिताना सासूबाईंना वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या.